‘ल्यूपस’ : एका रोगनामाचा इतिहास

रोगाला नाव देणे म्हणजे केवळ त्याची ओळख पटविणे नव्हे. नाव देणाऱ्याच्या मनात त्या रोगाच्या स्वरूपाविषयी जी कल्पना असते ती त्या नावात उतरते. कल्पना पुढे बदलली तरी नाव टिकून राहते आणि पुढच्या पिढ्यांच्या विचारावर आपला परिणाम करीत राहते. मराठीतील ‘नागीण’ हे नाव याचे परिचित उदाहरण आहे. अंगावर पट्ट्याने उठणाऱ्या फोडांना हे नाव मिळाले आणि नावाबरोबर एक समजूतही रूढ झाली : नागिणीचे तोंड व शेपटी एकत्र आली, म्हणजे तिचा वेढा पूर्ण झाला, की रोगी दगावतो. वास्तविक या रोगाचे विषाणू एका बाजूच्या मज्जातंतूच्या आश्रयाने असतात व फोड त्या तंतूच्या मार्गाने उठतात; त्यामुळे वेढा पूर्ण होण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. भीती आली ती नावातून, रोगातून नव्हे.

प्रस्तुत लेखात अशाच एका नावाचा विचार करावयाचा आहे. ‘ल्यूपस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. उन्हाने बळावणाऱ्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या एका त्वचारोगाला आज हे नाव आहे, आणि तो रोग शरीराच्या प्रतिकारसंस्थेतील बिघाडाने होतो हे आता निश्चित झाले आहे. परंतु एके काळी हेच नाव आणखी एका, अगदी निराळ्या रोगालाही होते. आणि नामसाम्यामुळे दोहोंचे कारण एकच असावे असा ग्रह दीर्घ काळ टिकला. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. त्यामुळे येथे भर आहे तो शब्द व सिद्धांत यांच्या परस्परसंबंधावर.

१. लांडग्याचा चावा

प्राण्यांची नावे रोगांना देण्याची प्रथा अनेक भाषांत आढळते. ‘गजकर्ण’ या नावात हत्तीचा कान आहे. ग्रीक भाषेत खेकड्याला जो शब्द होता तो गाठीच्या रोगाला लावला गेला. लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘कॅन्सर’ असे झाले, आणि आपण ‘कर्करोग’ हा शब्द घडविला तेव्हा तोच खेकडा मराठीत आणला. लांडगा मात्र मराठीत आला नाही. ‘ल्यूपस’ हा शब्द आपण जसाच्या तसा घेतला.

मध्ययुगीन युरोपात ‘ल्यूपस’ हा शब्द त्वचा व मांस कुरतडणाऱ्या व्रणांना उद्देशून वापरीत. लांडग्याने लचके तोडावेत तसे मांस झडते, ही कल्पना. दहाव्या शतकात लीएजच्या बिशपला अशा व्याधीपासून तूर येथील संत मार्टिनच्या समाधिस्थानी मुक्ती मिळाल्याची कथा त्या काळच्या धार्मिक वाङ्मयात आली आहे. या शब्दाला त्या वेळी निश्चित असा एकच वाच्यार्थ नव्हता. क्षयाचे व्रण, कर्करोगाचे व्रण, कुष्ठाचे व्रण अशा अनेक विकारांना तो सामावून घेई. एक गोष्ट मात्र या सर्व प्रयोगांत समान होती : रोग हा बाहेरून येऊन देहावर तुटून पडणारा शत्रू आहे. ही कल्पना या नावाच्या गाभ्यातच होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रॉबर्ट विलन (१७५७–१८१२) याने त्वचारोगांचे वर्गीकरण दृश्य लक्षणांवरून करण्याचा उपक्रम हाती घेतला. पुरळ, खवले, फोड, गाठी असे वर्ग पाडून त्याने व त्याचा शिष्य टॉमस बेटमन याने जुन्या, सैल अर्थाने वापरल्या जाणाऱ्या शब्दांना मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. या व्यवस्थेत ‘ल्यूपस’ हा शब्द मुख्यतः चेहऱ्यावरील गाठी व व्रण यांच्यासाठी राहिला. नाव जुनेच, अर्थ मात्र आखीव होऊ लागला.

२. पॅरिस व व्हिएन्ना

ज्या रोगाचा आपण विचार करीत आहोत त्याचे पहिले स्पष्ट वर्णन पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात झाले. तेथील वैद्य लोराँ बिएत (१७८१–१८४०) हा स्वतः फारसे लिहीत नसे. त्याची व्याख्याने त्याच्या शिष्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या १८३३ च्या आवृत्तीत बिएतने पाहिलेल्या एका विकाराचे वर्णन येते. चेहऱ्यावर तांबडा डाग उठतो व तो मध्याकडून कडेकडे पसरत जातो. म्हणून त्याला ‘केंद्रापासून दूर जाणारी लाली’ अशा अर्थाचे नाव देण्यात आले. हे नाव केवळ वर्णनात्मक होते. त्यात कारणाविषयी कोणताही दावा नव्हता, आणि लांडगाही नव्हता.

बिएतचा शिष्य अल्फी काझनाव्ह याने १८५१ च्या सुमारास या विकाराला ‘ल्यूपस एरिथेमातो’, म्हणजे ‘लालीचा ल्यूपस’, असे नाव दिले. याच शब्दाचे लॅटिन रूप ‘ल्यूपस एरिथेमॅटोसस’. या नामकरणाने काय झाले हे भाषेच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक आहे. विशेषण नवे आले, परंतु नाम जुने राहिले. ‘ल्यूपस’ हे कुलनाम ठरले. ‘व्हल्गारिस’, म्हणजे सामान्य, आणि ‘एरिथेमॅटोसस’, म्हणजे लालीचा, या त्याच्या दोन शाखा ठरल्या. दोन रोगांचे नाते अजून कोणी सिद्ध केले नव्हते. व्याकरणाने मात्र ते प्रस्थापित केले.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये फर्डिनांड हेब्रा याने याच विकाराचे निरीक्षण केले होते. नाकाच्या दोन्ही बाजूंस गालांवर पसरणाऱ्या लालीला त्याने फुलपाखराची उपमा दिली. ती आजही रूढ आहे. १८५६ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या चित्रसंग्रहात या रोगाची रंगीत चित्रे आहेत. एकाच रोगाला पॅरिसमध्ये लांडगा व व्हिएन्नामध्ये फुलपाखरू अशा दोन उपमा लाभल्या. पहिली उपमा कारण सुचविणारी आहे. दुसरी केवळ आकार सांगते. म्हणूनच पहिलीने घोटाळा केला व दुसरीने केला नाही.

हेब्राचा जावई व उत्तराधिकारी मोरिट्झ कापोशी याने १८७२ मध्ये एक महत्त्वाची भर घातली. काही रोग्यांत विकार त्वचेपुरता राहतो, डाग चकतीसारखे असतात, खपली धरतात व व्रण ठेवून जातात. परंतु काही रोग्यांत ताप, सांधेदुखी, वजन घटणे आणि प्रसंगी मृत्यू इतपत मजल जाते, हे त्याने दाखविले. ज्या रोगात मूत्रपिंड, हृदय व फुप्फुसे यांनाही बाधा होते तो केवळ कातडीचा रोग मानता येत नाही. पुढे १८९५ ते १९०४ या काळात विल्यम ऑस्लर याने त्वचेवरील लालीबरोबर अंतरिंद्रियांत होणाऱ्या बिघाडांवर जे निबंध लिहिले, त्यांनी हा विचार अधिक दृढ केला.

३. एक नाव, दोन रोग

१८८२ साली रॉबर्ट कोख याने क्षयाचा जंतू शोधून काढला. त्यानंतर थोड्याच अवधीत ‘ल्यूपस व्हल्गारिस’ हा त्वचेचा क्षय होय, हे सिद्ध झाले. येथवर सर्व ठीक होते. परंतु मग प्रश्न उभा राहिला : एक ल्यूपस जर क्षयाचा, तर दुसरा कशाचा? फ्रान्समध्ये एर्नेस्ट बेनिए व त्याचे अनुयायी यांनी दुसराही क्षयमूलकच असल्याचे मत मांडले. व्हिएन्नाच्या पंथाला ते मान्य नव्हते. लालीच्या ल्यूपसमध्ये क्षयाचा जंतू दाखविता येत नव्हता. तथापि जंतू प्रत्यक्ष नसला तरी त्याचे विष दुरून परिणाम करीत असेल, असा युक्तिवाद करण्यात आला. रोग्यांपैकी अनेकांना क्षयाची बाधा असे, हा पुरावा म्हणून पुढे येई. परंतु ज्या काळी युरोपातील शहरांतून क्षय सर्वत्र पसरलेला होता त्या काळी अशा योगायोगाला पुराव्याचे मोल देणे धोक्याचे होते. या सर्व चर्चेत समाननामाचे बळ किती होते हे मोजता येणार नाही. पण दोन्ही रोगांची नावे प्रारंभापासून भिन्न असती तर हा प्रश्न इतक्या सहजपणे उपस्थित झाला असता असे वाटत नाही.

या मताचे परिणाम ग्रंथांपुरते राहिले नाहीत. सोन्याचे क्षार क्षयजंतूची वाढ रोखतात असे प्रयोगनळीत दिसून आल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते क्षयावर व त्याच न्यायाने लालीच्या ल्यूपसवरही देण्यात येऊ लागले. हे क्षार विषारी असून मूत्रपिंड व रक्त यांना अपाय करू शकतात. आणि ज्या रोगात मूत्रपिंडावर आधीच घाला पडण्याचा संभव, त्याच रोगात ते वापरले जात होते.

दोन्ही रोगांतील भेद सर्वांत ठळकपणे दिसतो तो प्रकाशाच्या बाबतीत. कोपनहेगन येथील नील्स फिन्सेन याने केंद्रित प्रकाशाने ल्यूपस व्हल्गारिसवर उपचार सुरू केले. १८९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली व १९०३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विद्रूप झालेले हजारो चेहरे त्या उपचाराने सुधारले. दुसऱ्या ल्यूपसचे वर्तन याच्या नेमके उलट. त्या रोग्यांचे डाग उन्हाळ्यात वाढतात व उघड्या अंगावर अधिक उठतात, हे जोनाथन हचिन्सन याच्यासारख्या निरीक्षकांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदविले होते. एका ल्यूपसला प्रकाश तारक, दुसऱ्याला मारक. आणि दोघांचे कुलनाम एक. रोग्याला ‘ल्यूपस’ आहे एवढेच सांगितले तर त्याला प्रकाशात बसवावे की प्रकाशापासून दूर ठेवावे हे त्या शब्दावरून कळू शकत नव्हते. शब्दाच्या संदिग्धतेची किंमत रोग्याच्या देहाने द्यावी लागते ती अशी.

या काळातच एक उपयुक्त उपचारही हाती आला होता. पण त्याची उपपत्ती कोणाजवळ नव्हती. १८९४ मध्ये लंडनचा वैद्य जोसेफ पेन याने या रोगावर किनीन दिले व गुण आल्याचे सांगितले. हिवतापाच्या औषधाचा त्वचेवरील लालीशी काय संबंध, याचे उत्तर मिळण्यास पुढे शतकाचा काळ जावा लागला. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज याने मेपाक्रीन या दुसऱ्या हिवतापनाशक औषधाने अठरा रोग्यांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्याच परंपरेतील औषध १९५५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले व आजही या रोगाच्या उपचारात त्याला प्रथम स्थान आहे.

४. घरचा शत्रू

प्रतिकारसंस्था स्वतःच्याच देहावर उलटू शकते, हा विचार सहजासहजी स्वीकारला गेला नाही. येथेही एका शब्दप्रयोगाचा अडसर झाला. १९०१ मध्ये पाउल एर्लिख याने ‘होरर ऑटोटॉक्सिकस’, म्हणजे स्वतःला विषबाधा करण्याची धास्ती, ही संज्ञा योजिली. देहाजवळ स्वतःच्या घटकांविरुद्ध शस्त्र उचलण्याचे टाळणारी काही नियामक व्यवस्था असली पाहिजे, एवढेच त्याला अभिप्रेत होते. परंतु ती भारदस्त संज्ञा पुढच्या पिढीने नियमासारखी वाचली व आत्मघातकी प्रतिकार संभवतच नाही असा अर्थ काढला. १९०४ मध्ये डोनाथ व लँडस्टायनर यांनी रोग्याच्याच तांबड्या पेशींवर उलटणारे प्रतिपिंड दाखवून दिले असतानाही हा समज बराच काळ टिकला.

ल्यूपसच्या बाबतीत कोंडी फुटली ती १९४८ मध्ये. अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे माल्कम हारग्रेव्ह्ज व त्याचे सहकारी यांना रोग्यांच्या अस्थिमज्जेत एक चमत्कारिक दृश्य दिसले : पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचे विकृत झालेले केंद्रक गिळलेले होते. पुढे जॉन हॅझरिक याने दाखविले की, रोग्याचा रक्तद्रव निरोगी माणसाच्या पेशींत मिसळला तरी हेच घडते. अर्थात दोष पेशीत नव्हता, रक्तद्रवात होता. १९५४ मध्ये मीशर व फोकोने यांनी तो रक्तद्रव सुट्या केंद्रकांबरोबर ठेवला, तेव्हा त्यातील हा गुण नाहीसा झाला. केंद्रकांनी तो शोषून घेतला होता. म्हणजे रक्तद्रवात केंद्रकाला चिकटणारे प्रतिपिंड होते. १९५७ मध्ये जॉर्ज फ्रायू याने प्रकाशमान रंगद्रव्याच्या साहाय्याने ते प्रतिपिंड दृष्टीस आणले, आणि त्याच वर्षी युरोप व अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांनी डी.एन.ए.विरुद्धचे प्रतिपिंड स्वतंत्रपणे ओळखले. १९६३ मध्ये रोग्यांच्या त्वचेत, बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांच्या सांध्यावर, अशा प्रथिनांचा थर साचलेला आढळला. लांडगा बाहेरून आलेला नव्हता. तो घरचाच राखणदार होता.

५. उन्हाचा संबंध

आता मूळ प्रश्न उरतो : प्रतिपिंड रक्तात असतात, मग डाग उन्हानेच का उठतात? त्याचे उत्तर गेल्या काही दशकांत बऱ्याच अंशी मिळाले आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी बाह्यत्वचेतील काही पेशी मरतात. निरोगी माणसातही हे घडते. त्या मृत पेशींची विल्हेवाट गाजावाजा न होता लागते. १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील लिव्हिया कॅसिओला-रोझेन व अँटनी रोझेन यांनी दाखविले की, अशा मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर फुगवटे येतात व एरवी पेशीच्या अंतर्भागात असणारी प्रथिने, त्यांत उन्हाने बळावणाऱ्या ल्यूपसशी निगडित असलेले ‘रो’ हे प्रथिनही आले, त्या फुगवट्यांत गोळा होतात. जे आत दडलेले असावयाचे ते प्रतिकारसंस्थेसमोर उघडे पडते. ज्या देहात त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंड आधीच तयार आहेत तेथे संघर्षाला निमित्त मिळते.

दुसरा दुवा इंटरफेरॉनचा. हे द्रव्य मुळात विषाणूंविरुद्धच्या इशाऱ्याचे. ल्यूपसच्या रोग्यांच्या रक्तात ते वाढलेले असते असे १९७९ मध्ये आढळले. २००३ मध्ये त्याच्या प्रभावाखाली जागृत झालेल्या जनुकांचा ठसाच रोग्यांच्या रक्तपेशींत सापडला. मृत पेशींतून सुटलेली केंद्रकाम्ले प्रतिकारसंस्थेला विषाणूच्या केंद्रकाम्लांसारखी भासतात व ती इशारा देते; त्या इशाऱ्याने त्वचेच्या पेशी उन्हाला अधिकच हळव्या होतात; अधिक पेशी मरतात व पुन्हा इशारा दिला जातो. असे हे चक्र आहे. किनीनच्या परंपरेतील औषधे ही केंद्रकाम्ले ओळखण्याच्या क्रियेतच अडथळा आणतात असे आता दिसून आले आहे. पेनच्या निरीक्षणाला उपपत्ती मिळाली ती येथे. इंटरफेरॉनचा मार्ग अडविणारे अनिफ्रोलुमॅब हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. उलट बाजूने, त्वचेतील लँगरहान्स पेशी निरोगी अवस्थेत उन्हाच्या आघातापासून बाह्यत्वचेचे रक्षण करतात व ल्यूपसमध्ये हे रक्षण दुबळे होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे प्रतिकारसंस्था येथे केवळ आक्रमक नाही. तिचेच एक अंग राखण करते व दुसरे विध्वंस करते.

एक व्यावहारिक बाब येथे नमूद केली पाहिजे. अतिनील किरणांचा झोत दिल्यानंतर डाग लगेच उठत नाहीत. ते उठण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. त्यामुळे रोग्याच्या स्वतःच्या लक्षातही हा कार्यकारणसंबंध येत नाही. १९८२ च्या अमेरिकन निकषांत सूर्यप्रकाशाची असह्यता हे अकरा लक्षणांपैकी एक होते. २०१९ च्या निकषांत ते स्वतंत्र लक्षण म्हणून ठेवलेले नाही व केंद्रकविरोधी प्रतिपिंडांना प्रवेशद्वाराचे स्थान दिले आहे. ज्या खुणेने हा रोग शंभर वर्षे ओळखला गेला तिची जागा आता त्याच्या यंत्रणेने घेतली आहे.

६. आपल्या शब्दांविषयी

हा इतिहास परकीय असला तरी त्यातून निघणारा प्रश्न आपल्या भाषेचाही आहे. ‘इम्युनिटी’ हा शब्द रोमन कायद्यातील. सार्वजनिक कर्तव्यातून अथवा करातून मिळालेली सूट, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीने तो अनुवादिला नाही. ‘प्रति’ व ‘कृ’ यांपासून झालेला ‘प्रतिकार’ घेतला आणि त्याला ‘शक्ती’ जोडली. सूट या कल्पनेऐवजी सामर्थ्याची कल्पना आली. शक्ती म्हटले की ती कमी किंवा जास्त असते, आणि जास्त असलेली बरी, हे ओघाने येते. २०२० च्या साथीनंतर ‘प्रतिकारशक्ती वाढविणे’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला आहे. ल्यूपससारख्या रोगाविषयी ‘प्रतिकारशक्तीचा आजार’ असे सांगितले की ऐकणारा ‘शक्ती कमी झाली’ असाच अर्थ घेतो आणि ती वाढविण्याच्या मागे लागतो. वास्तविक येथे कमतरता शक्तीची नाही. उणीव आहे ती स्व-पर-विवेकाची. शिवाय अनेक रोग्यांना या संस्थेचा जोर कमी करणारी औषधे दीर्घ काळ घ्यावी लागतात. ज्याला आपली शक्तीच कमी आहे असे वाटते त्याला ही औषधे उलट्या मार्गाची भासतील व तो ती सोडून देईल, ही शंका अस्थानी नाही.

म्हणून अशा रोगांच्या संदर्भात ‘प्रतिकारशक्ती’ऐवजी ‘प्रतिकारसंस्था’ हा शब्द योजावा असे सुचवावेसे वाटते. संस्थेचा कारभार बिघडू शकतो, तिचे दोन विभाग परस्परविरुद्ध वागू शकतात, तिला आवर घालावा लागतो, हे सर्व मराठी बोलणाराला त्या शब्दावरून सहज समजते. ‘ल्यूपस’ हा शब्द आता बदलता येणार नाही, आणि बदलण्याचे कारणही उरलेले नाही; त्यातील लांडगा केव्हाच निष्प्राण झाला आहे व मराठी वाचकाला तो ऐकूही येत नाही. आपले शब्द मात्र अद्याप जिवंत आहेत, त्यांचे अर्थ ऐकणाऱ्याला लागतात व तो त्यांवर विसंबून वागतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी वैद्यांइतकीच सावधगिरी बाळगावी, एवढेच या इतिहासावरून सांगावयाचे आहे.